खुंटीवरची पिशवी

बाजाराला निघालेल्या माणसाने हातात पिशवी घेऊन निघावे, ही गोष्ट मुद्दाम सांगण्याची पाळी येईल असे दोन पिढ्यांपूर्वी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. त्या काळी पिशवीवाचून बाजार म्हणजे पोहऱ्यावाचून विहीर. भाजीची पिशवी निराळी, किराण्याची निराळी, तेलाची बरणी निराळी, दुधाची किटली निराळी. दळणाचा डबा तर प्रत्येक घरी ठरलेला. परगावी जाणाऱ्याच्या खांद्यावर पडशी असे, म्हाताऱ्यांच्या कनवटीला चंची असे, आणि अगदीच काही जवळ नसले तर खांद्यावरचा पंचा किंवा पदराचे टोक हीच पिशवी होई. पिशवी, थैली, झोळी, पडशी, बटवा, कसा, चंची, गाठोडे अशी किती तरी नावे मराठीने ह्या एका वस्तूच्या नाना रूपांना दिली आहेत. ज्या वस्तूला भाषेने इतकी नावे दिली, ती वस्तू पाहता पाहता लोकांच्या हातातून सुटली. आणि तिच्या जागी जी आली तिला नागपुराकडे एकच नाव मिळाले, ते म्हणजे पन्नी.

सीताबर्डी, गोकुळपेठ, इतवारी, महाल, कॉटन मार्केट, ह्यांपैकी कोणत्याही बाजारात सायंकाळी अर्धा तास उभे राहून पाहावे. पुष्कळ गिऱ्हाइके रिकाम्या हाताने येतात. वांगी एका पन्नीत, टोमॅटो दुसऱ्या पन्नीत, मिरच्या तिसरीत, कोथिंबीर चौथीत, असे होता होता सहा जिनसांच्या सहा पन्न्या होतात आणि त्या सहांना एकत्र धरावयास सातवी लागते. आठवड्याला सात म्हणजे वर्षाला ३६४. हा हिशेब एका घराचा, आणि तोही केवळ भाजीचा; किराणा, फळे, मिठाई, औषधे ह्यांत धरलेली नाहीत. त्या प्रत्येक पन्नीचे उपयोगी आयुष्य हातगाडीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत, म्हणजे फार तर अर्ध्या तासाचे. पुढचे आयुष्य मात्र ती वापरणाऱ्याच्या आयुष्याहून मोठे असते.

ह्या वस्तूचा विचार करताना प्रथम तिचे श्रेय तिला दिले पाहिजे, कारण शत्रूचे गुण न ओळखता त्याच्याशी लढू पाहणारा बहुधा हरतो. पन्नी ज्या पदार्थाची बनते त्याचे नाव पॉलिथीन. १९३३ सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडातील नॉर्थविच येथे एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोन रसायनशास्त्रज्ञ इथिलीन नावाच्या वायूवर प्रचंड दाबाखाली प्रयोग करीत असता पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ शिल्लक राहिलेला त्यांना आढळला. वायूचे सुटे सुटे कण एकमेकांत गुंफले जाऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या तयार झाल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवरील वेष्टणासाठी ह्या पदार्थाचा उपयोग झाला; युद्ध संपल्यावर तो घरोघर शिरला. आज पॉलिथीन वितळवून त्याची नळी काढतात, साबणाच्या फुग्याप्रमाणे तीत हवा भरून तिला फुगवतात, आणि अशा रीतीने तयार झालेला पातळ पापुद्रा कापून, कडा तापवून जोडला की पिशवी तयार होते. पाचसहा ग्रॅम वजनाची ही पिशवी पाच किलो भाजी सहज उचलते. ती भिजत नाही, कुजत नाही, गळत नाही आणि स्वस्त इतकी की दुकानदार तिचा दामही मागत नाही. असा चाकर कोणाला नको असेल?

बनियनच्या आकाराची, दोन कान असलेली जी पिशवी आज जगभर दिसते, तिची रचना स्वीडन देशातील सेलोप्लास्ट ह्या कंपनीचे अभियंता स्टेन गुस्ताफ थुलिन ह्यांची. तिचे पेटंट १९६५ साली नोंदले गेले. ह्या थुलिन महाशयांविषयी त्यांच्या पुत्राने सांगितलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. कागदी पिशव्यांपायी झाडे तोडली जातात, त्याऐवजी टिकाऊ पिशवी मिळावी आणि लोकांनी ती पुन्हा पुन्हा वापरावी, ही त्यांची कल्पना होती. आणि ते स्वतः अशी एक पिशवी घडी घालून नेहमी खिशात बाळगीत. म्हणजे ज्याने ही पिशवी जगाला दिली, त्याच्या मनात ती एकदा वापरून फेकण्याची नव्हतीच. ह्या गोष्टीतच सगळ्या प्रश्नाचे मर्म साठवले आहे. दोष पदार्थाच्या टिकाऊपणात शोधण्यापेक्षा टिकाऊ वस्तू एकदाच वापरण्याच्या सवयीत शोधावा, हे बरे. सवय तशीच ठेवून पदार्थ बदलला, तर दोष नव्या पदार्थाच्या मागे लागून येतो.

फेकलेल्या पन्नीचे पुढे काय होते, हे नागपूरकरांना दूर जाऊन पाहावे लागत नाही. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले असे म्हणतात, ती नाग नदी शहराच्या पश्चिमेकडील टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावावरून पुढे येते आणि भर वस्तीतून पूर्वेला वाहते. रस्त्यावरची पन्नी पहिल्या पावसाने गटारात जाते, गटारातून नाल्यात, नाल्यातून नाग नदीत. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. आणि ते पाणी भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणात जाऊन साठते. तेथून पुढे प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. सीताबर्डीला मिरच्या बांधून घेतलेल्या पन्नीला समुद्राची वाट अशी घरच्या नदीतूनच मिळते. वाटेत ऊन आणि घर्षण ह्यांनी तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. ती दिसेनाशी होते, नाहीशी होत नाही.

जी पन्नी वाहून जात नाही ती गटाराच्या तोंडाशी अडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळी तुंबलेल्या गटारांतील पिशव्यांकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष गेले. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा पुरांची कारणे अनेक असतात. नदीच्या पात्रातील बांधकामे, अरुंद पूल, आणि मुळात पावसाचा जोर. सगळे खापर पन्नीवर फोडणे न्यायाचे होणार नाही. परंतु पाण्याला वाट हवी असते त्याच घटकेला ती वाट बुजविण्याचे काम पन्नी करते, हेही तितकेच खरे.

ह्याहूनही विदारक कथा गाईची आहे. शिळे अन्न, भाज्यांची देठे, फळांच्या साली पन्नीत भरून, वर गाठ मारून ती पन्नी कोपऱ्यावर टाकण्याची रीत पुष्कळ घरांत पडली. गाईला गाठ सोडता येत नाही. ती वासावरून आतले अन्न ओळखते आणि पन्नीसकट गिळते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतल्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात गवत मुरते आणि रवंथासाठी पुन्हा तोंडात येते. पन्नी मुरतही नाही आणि पुढेही सरकत नाही. एकीत दुसरी अडकते, दोऱ्या-सुतळ्या तीत गुंततात, आणि कालांतराने त्या कप्प्यात एक घट्ट गोळा तयार होतो. पोट भरल्याचा भास होऊन गाय खाणे सोडते. भरल्या पोटी उपाशी मरते. पशुवैद्य डाव्या कुशीवर चिरा देऊन असे गोळे बाहेर काढतात, तेव्हा वीसवीस, तीसतीस किलोंचा ऐवज निघतो. ज्या विदर्भात पोळ्याच्या दिवशी बैलांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात, त्याच विदर्भात वर्षाचे उरलेले दिवस जनावरांच्या पोटात पन्न्या जाव्यात, ह्याचा विचार प्रत्येक घराने करण्यासारखा आहे.

सरकारने ह्या बाबतीत काही केले नाही असे नाही. मुंबईच्या महापुरानंतर २००६ साली महाराष्ट्रात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई झाली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हा ५० मायक्रॉन म्हणजे साधारण डोक्याच्या केसाची जाडी, किंबहुना त्याहूनही थोडी कमी. पातळ पिशवीलाच मनाई का, असा प्रश्न कोणी विचारील. पातळ पिशव्यांना भंगाराच्या बाजारात मोल नसते. त्या शेकड्यांनी गोळा कराव्यात तेव्हा कोठे पाच-सहाशे ग्रॅम भरतात, म्हणून कचरा वेचणारे त्यांना हात लावीत नाहीत. शिवाय पिशवी जाड झाली की महाग होते, आणि महाग वस्तू दुकानदार फुकट वाटीत नाही. पुढे २३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढली, जूनच्या २३ तारखेपासून अंमल सुरू झाला, आणि सामान वाहून नेण्याच्या सर्वच प्लास्टिक पिशव्यांना, मग त्या कानांच्या असोत वा बिनकानांच्या, बंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला ५००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांची कैद, अशी शिक्षा ठरली. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणेही ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी देशभर निषिद्ध आहे.

इतके कायदे असून पन्नी बाजारातून पुरती का गेली नाही? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी दोन परक्या देशांकडे पाहणे उपयोगी होईल. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत गटारे पिशव्यांनी तुंबल्याचे दिसून आले, म्हणून २००२ साली त्या देशाने पातळ पॉलिथीन पिशव्यांवर सरसकट बंदी घातली; असे करणारा जगातला तो पहिला देश. काही काळ पिशव्या दिसेनाशा झाल्या. पण सवय गेली नव्हती, म्हणून पहारा ढिला पडताच त्या परतल्या, आणि २०२४ मध्ये तीच बंदी नव्याने बजावावी लागली. त्याच २००२ सालच्या मार्चमध्ये आयर्लंडने दुसरा मार्ग धरला. तेथे बंदी नव्हती. प्रत्येक पिशवीमागे गिऱ्हाइकाकडून १५ सेंट कर घ्यावयाचा, एवढेच. त्यापूर्वी तेथे वर्षाला दर माणशी ३२८ पिशव्या वापरल्या जात. कर बसताच तो आकडा २१ वर आला. कर असा मोठा नव्हता की कोणी दरिद्री व्हावे. परंतु 'पिशवी हवी का?' असा प्रश्न दुकानात उभे राहून विचारला जाऊ लागला, आणि जी गोष्ट न कळत होत होती ती कळून सवरून करावी लागली. जी वस्तू फुकट मिळते तिचा हिशेब मन ठेवीत नाही. दाम पडला की हिशेब सुरू होतो. तथापि काही वर्षांत लोकांना तो दामही अंगवळणी पडला, आकडा पुन्हा ३० च्या आसपास चढला, आणि २००७ मध्ये कर २२ सेंट करावा लागला. ह्यावरून उघड होते की कायद्याने दुकानातली पन्नी काढून घेता येते, पण घरातली पिशवी बाहेर काढता येत नाही. ते काम घरातल्या माणसांचेच.

येथे एक धोक्याची सूचना करणे आवश्यक आहे. बंदी आल्यानंतर दुकानांतून रंगीबेरंगी, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या मिळू लागल्या. पुष्कळ सुशिक्षित घरांत त्या कापडी समजून जमवल्या जातात. वास्तविक त्यांपैकी बहुतेक पॉलिप्रॉपिलीन ह्या प्लास्टिकच्याच असतात. तंतू विणलेले नसून उष्णतेने एकमेकांस चिकटविलेले असतात. परीक्षा सोपी आहे. पिशवीचा एक धागा काढून, चिमट्यात धरून ज्योतीला लावावा. सूत असेल तर ते कागदासारखे जळते आणि मऊ राख उरते. प्लास्टिक असेल तर ते आकसते, वितळते आणि थंड झाल्यावर टोकाशी कडक मणी बनतो. ही पिशवीही शेकडो वेळा वापरली तर तक्रारीला जागा नाही. परंतु कापडी म्हणून आणून दोन खेपांत फेकली, तर पन्नीपेक्षा तिचे प्लास्टिक अधिक.

सुती पिशवी निर्दोष आहे, असे मानून स्वस्थ बसणेही बरोबर नाही. नागपूर हे कापसाचे शहर. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा ह्यांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली, आणि २००२ साली ती बंद होईपर्यंत सव्वाशे वर्षे तिच्या भोंग्यावर शहराचा एक भाग उठत-बसत होता. कापूस पिकविण्यास किती पाऊस, किती खत, किती फवारणी आणि किती माणसांचा घाम लागतो, हे वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला सांगावयास नको. त्यानंतर पिंजणे, कातणे, विणणे, रंगवणे. हा सगळा खर्च निसर्गाच्याही खात्यावर पडतो. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा हिशेब निघाला की, एका नव्या सुती पिशवीमुळे हवेला बसणारी झळ भरून निघण्यास ती १३१ वेळा वापरली गेली पाहिजे. तेव्हा कोठे तिची बरोबरी एकदाच वापरलेल्या पातळ पन्नीशी होईल. आठवड्यातून दोनदा बाजार करणाऱ्या घरात १३१ खेपा म्हणजे सव्वा वर्ष. ह्याचा अर्थ सुती पिशवी वाईट असा नाही. ती सहज दहा-बारा वर्षे टिकते. अर्थ एवढाच की समारंभातून, प्रदर्शनातून मिळालेल्या पंधरा पिशव्या कपाटात आणि बाजारात मात्र हात रिकामे, अशी स्थिती असेल तर त्या पंधरांचा काही उपयोग झाला नाही. सर्वांत चांगली पिशवी म्हणजे घरात आधीच असलेल्या कापडाची. विरलेली चादर, जुना परकर, पडद्याचा तुकडा, फाटलेल्या पँटचा पाय, ह्यांची पिशवी शिवली तर तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. पिशवी घरात असते, पन्नीचे तोटे ठाऊक असतात, तरी माणूस रिकाम्या हाताने का निघतो? बहुतेकांचे उत्तर एकच असते: 'विसरलो.' हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. तोच माणूस चपला विसरत नाही, चष्मा विसरत नाही, घराची किल्ली विसरत नाही. कारण ह्या वस्तूंची जागा ठरलेली असते आणि त्यांचे काम निघण्याच्या क्रियेशी जोडलेले असते. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजातील मानसशास्त्रज्ञांनी ९६ जणांना नव्या सवयी लावून पाहिल्या. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एखादी साधी गोष्ट रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून करावयाची होती, जसे न्याहारीनंतर पेलाभर पाणी पिणे. ती गोष्ट विचार न करता आपोआप होऊ लागण्यास सरासरीने ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणखी एक गोष्ट दिसली, ती धीर देणारी आहे: एखादा दिवस चुकल्याने घडत असलेली सवय मोडत नाही. म्हणजे निश्चयाच्या बळापेक्षा ठरलेली जागा, ठरलेला प्रसंग आणि दोन महिन्यांचा धीर ह्या तीन गोष्टी अधिक कामास येतात.

पिशवीच्या बाबतीत ही जागा म्हणजे दाराजवळची खुंटी. पूर्वीच्या घरांत ती होतीच. नव्या सदनिकेतून ती गेली आणि तिच्याबरोबर पिशवीही गेली. बाहेरच्या दाराच्या आतील बाजूस, किल्ल्या अडकवतात त्याच्या शेजारी, एक खिळा ठोकावा आणि त्यावर दोन पिशव्या टांगाव्यात. ही व्यवस्था बसविताना बहुतेक घरे एका ठिकाणी चुकतात. पिशवी नेण्याकडे सर्वांचे लक्ष असते, परत ठेवण्याकडे कोणाचे नसते. भाजी ओट्यावर ओतली जाते, पिशवी खुर्चीवर पडते, तेथून कपाटात, आणि पुढच्या खेपेला खुंटी रिकामी. त्यासाठी घरात एक नियम असावा: भाजी टोपलीत गेली म्हणजे बाजार संपला असे समजू नये, पिशवी झटकून पुन्हा खुंटीवर गेली म्हणजे बाजार संपला. जो बाजारातून आला त्यानेच हे करावे; घरातल्या बाईने मागून आवरावे अशी अपेक्षा ठेवू नये. हा एक नियम पाळला तर बाकीचे निम्मे काम आपोआप होते.

नोकरीवरून परतताना जे बाजार करतात त्यांना दाराची खुंटी पुरत नाही. त्यांची दुसरी खुंटी स्कूटरच्या डिकीत, मोटारीत किंवा कामाच्या बॅगेत असावी. जुन्या साडीच्या कापडाची पिशवी घडी केली तर रुमालाएवढी होते आणि तिचे वजनही जाणवत नाही.

पन्नीचे खरे प्रवेशद्वार मोठी पिशवी नसून लहान तोलणे हे होय. बटाटे-कांदे सगळेच पिशवीत ओतून घेतात. अडचण येते ती पावभर मिरच्या, दोन लिंबे, आले आणि कोथिंबिरीच्या वेळी. त्यासाठी मलमलीच्या किंवा जुन्या ओढणीच्या वीतभर लांबीच्या चार-पाच थैल्या शिवाव्यात, तोंडाशी नाडी ओवावी, आणि त्या मोठ्या पिशवीच्या तळाशीच ठेवून द्याव्यात. काही गृहिणी पिशवीच्या आतल्या बाजूस कप्पे शिवतात, तेही सोयीचे. भरताना बटाटे, कांदे, भोपळा खाली, टोमॅटो आणि पालेभाजी वर, एवढा क्रम पाळला तर प्रत्येक जिन्नस वेगळी बांधण्याचे कारण उरत नाही. दही, पनीर, मांस, मासळी ह्यांच्यासाठी झाकणाचा डबा न्यावा. तो वजन करण्यापूर्वीच काट्यावर ठेवून त्याचे वजन वजा करवून घ्यावे. प्रारंभीचे दोन महिने आणखी एक पथ्य पाळावे: पिशवी नसेल तर खरेदी नाही. औषधासारखी निकड असेल तर अपवाद. एरवी हातात मावेल तेवढेच घ्यावे किंवा परत जावे. अशा दोन खेपा वाया गेल्या की तिसऱ्या खेपेला पिशवी कोणी विसरत नाही.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: 'पन्नी वाया जात नाही, कचरा भरावयास उपयोगी पडते.' परंतु घंटागाडीला ओला आणि सुका कचरा वेगळा द्यावयाचा असतो. ओला कचरा पन्नीत बांधून दिला तर त्याचे खत होण्यापूर्वी कोणाला तरी ती हाताने फोडावी लागते. न फोडली तर ती तशीच भांडेवाडीच्या डेपोवर जाते. ओल्या कचऱ्याच्या बादलीत तळाला जुन्या वृत्तपत्राचा एक कागद घातला आणि बादली रोज धुतली, तर पन्नीची गरज राहत नाही.

शेवटी एका अन्यायाचा उल्लेख केला पाहिजे. कायद्याने पन्नी वापरणाराही दोषी आहे. परंतु महानगरपालिकेचे उपद्रव शोध पथक बाजारात आले म्हणजे त्याच्या दृष्टीस प्रथम पडते ती हातगाडी. पहाटे कॉटन मार्केटातून माल उचलून दिवसभर उन्हात उभी राहणारी भाजीवाली पन्नी ठेवते, ती हौसेने नव्हे. तिला ती विकत घ्यावी लागते. ती ठेवते, कारण रिकाम्या हाताने आलेली बाई 'पन्नी नाही? मग राहू द्या' असे म्हणून शेजारच्या गाडीकडे वळते. शेजारचा ठेवतो म्हणून ही ठेवते, ही ठेवते म्हणून तो ठेवतो. ५००० रुपयांचा दंड म्हणजे तिच्या कित्येक दिवसांची कमाई. घरातून निघताना कोणी तरी अर्ध्या मिनिटाचा आळस केला, त्याची किंमत ही बाई भरते. पुढे केलेली कापडी पिशवी आणि 'मावशी, ह्यातच टाका' एवढे चार शब्द तिची ह्या कोंडीतून सुटका करतात. दहा गिऱ्हाइकांपैकी सात-आठ जण असे बोलू लागले तर पन्नी विकत आणण्याचे तिला कारणच उरणार नाही.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतींची मिरवणूक निघते. गावावरची सारी इडापीडा मारबतीने आपल्याबरोबर न्यावी, अशी लोकांची प्रार्थना असते. बरोबर निघणाऱ्या बडग्यांच्या रूपाने त्या त्या काळातल्या दुष्ट चालींचा निषेधही होतो. पन्नीची पीडा मात्र कोणतीही मारबत नेणार नाही, कारण ती गावाच्या वेशीपलीकडून आलेली नसून रोज घराच्या उंबरठ्यावरूनच बाहेर पडते आणि तेथूनच आत येते. तिचा बंदोबस्तही त्याच उंबरठ्याशी व्हावयास हवा. आणि त्याला लागणारे साहित्य म्हणजे एक खिळा, जुन्या चादरीचा एक तुकडा आणि दोन महिन्यांचा नेम, एवढेच.